कॉपी केस आणि घरातली शिक्षा

मागच्या महिन्यात आलेल्या टपालात एका भगिनीचे चार पानी पत्र होते. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. त्यांची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. परीक्षेत तिच्या पाउचमध्ये सूत्रांची चिठ्ठी सापडली. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका काढून घेतली, जबाब लिहून घेतला, नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेल्या वेळेत पेपर लिहू दिला. विद्यापीठाचा निर्णय यायला अजून अवकाश आहे. घरातला निर्णय मात्र त्याच रात्री झाला. कॉलेज बंद, आता स्थळे पाहायची. याच घरातला मोठा मुलगा तीन वर्षांपूर्वी असाच सापडला होता. त्याच्याशी अब्बांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या परीक्षेची फी भरली. भगिनी विचारतात की, नियमाने माझ्या मुलीचे शिक्षण संपले का?

नाही, संपलेले नाही. विद्यापीठाने ते संपवलेले नाही आणि अशा प्रकरणात बहुधा संपवणारही नाही. ते संपवायला निघाले आहे ते घर. म्हणून या वेळचे सदर कॉपी, तिचे नियम आणि तिच्यापायी घरात होणारा न्याय किंवा अन्याय यांच्यासाठी ठेवले आहे.

आधी नियमांचे पाहू, कारण आपल्या घरांत ते कोणी वाचत नाही. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर कागदांचा गठ्ठा पुढे येतो. त्यात रॅगिंग करणार नाही असे हमीपत्र असते, हजेरीची अट असते, शिस्तीच्या नियमांची एक पुस्तिका असते. रॅगिंगचे हमीपत्र तर विद्यार्थ्याबरोबर पालकांनीही द्यायचे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००९ पासूनचा नियम आहे. आपण सही करतो, झेरॉक्सचे पैसे देतो आणि घरी येतो. पुस्तिका कपाटात जाते. ती पुन्हा बाहेर येते ती मूल अडचणीत सापडल्यावर, आणि तेव्हा नेमके हवे ते पान सापडत नाही.

महाराष्ट्रात विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. प्रत्यक्ष विद्यार्थ्याचे प्रकरण मात्र विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे चालते. तिथे शिक्षेची उतरंड ठरलेली असते. चिठ्ठी जवळ सापडली, तर साधारणपणे त्या परीक्षेतली संपादणूक रद्द होते. चिठ्ठीतून उतरवलेले आढळले, तर त्यावर पुढच्या परीक्षेलाही बसता येत नाही. दुसऱ्याला आपल्या जागी बसवले, उत्तरपत्रिका बाहेर नेली, पर्यवेक्षकाला धमकावले, तर बंदी वाढत जाते. प्रत्येक विद्यापीठाचा तक्ता वेगळा असतो. तो परीक्षा विभागात किंवा प्राचार्यांकडे मागावा, मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

याच तक्त्यात ओळख उघड करणे हाही एक गैरप्रकार असतो, आणि तो आपल्या घरांना खास लागू आहे. उत्तरपत्रिका कोणाची हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून त्यावर ओळखीची कोणतीही खूण करायची नसते. आपली मुले सवयीने पहिल्या पानावर ७८६ लिहितात. मनात काही वाईट नसते, पण तीही खूण धरली जाऊ शकते. बिस्मिल्लाह तोंडाने म्हणावी, कागद कोरा सोडावा.

चौकशीला जाताना काय करावे, हेही त्या भगिनींनी विचारले आहे. पहिली गोष्ट म्हणजे जायचेच. समितीचे पत्र आले की भीतीने किंवा लाजेने ते दडवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तारखेला कोणी गेले नाही की एकतर्फी निर्णय होतो आणि तो सहसा कडक असतो. दुसरी गोष्ट म्हणजे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क. तो कोणाची मेहेरबानी नाही. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने कॉपीच्या आरोपावरून काही विद्यार्थ्यांचे निकाल रद्द केले होते, त्यांना न विचारता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६२ मध्ये न्यायालयाने सांगितले की अशा निर्णयाने विद्यार्थ्याच्या भवितव्यावर परिणाम होतो, म्हणून आधी त्याचे ऐकून घेतले पाहिजे. पुढे १९७० मध्ये बिहारच्या एका केंद्राचे प्रकरण आले. तिथे सगळ्या केंद्रावरच सामूहिक कॉपी झाल्याचे दिसत होते, म्हणून संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द करताना प्रत्येकाला वेगळे बोलावण्याची गरज नाही, असा निकाल झाला. हा फरक लक्षात ठेवावा. आरोप एकट्यावर असेल, तर एकट्याचे ऐकावेच लागते.

कोऱ्या कागदावर सही करू नये. जबाब ज्या भाषेत नीट लिहिता येतो त्या भाषेत लिहावा. जे केले ते केले म्हणावे, जे केले नाही ते नाही म्हणावे. चिठ्ठी माझी होती पण मी ती उघडली नव्हती, हे खरे असेल तर एवढेच वाक्य पुरे असते. नियमातही त्या दोन गोष्टींना दोन वेगळ्या शिक्षा आहेत. आणि मामूंच्या ओळखीचे कोणी विद्यापीठात आहे म्हणून त्यांना पुढे करू नये. कॉपी लपवायला वशिला लावणे म्हणजे एका गैरप्रकारावर दुसरा चढवणे, आणि तोही मुलीच्या डोळ्यांदेखत.

आता घराकडे येऊ.

आम्ही कॉपीला हलके मानत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओला लागला, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी खुतब्यात ऐकलेला असतो. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले गेले. पदवीचे प्रमाणपत्र हाही ढिगाचा वरचा थरच आहे. औषधाच्या दुकानात डोस सांगणारा मुलगा, बी.एड. करून पाचवीच्या वर्गाला गणित शिकवणारी मुलगी, पुलाचा आराखडा तपासणारा इंजिनीयर, यांच्या प्रमाणपत्रावर लोक भरवसा ठेवतात. आतले धान्य ओले असेल तर त्याची किंमत त्यांना नव्हे, दुसऱ्यांना मोजावी लागते. पाउचमधली चिठ्ठी लहान दिसते, पण जात त्याच ढिगाची आहे.

पण गुन्हा गंभीर आहे म्हणून शिक्षा मनाला येईल ती, असे कुठे आहे? विद्यापीठाने त्या चिठ्ठीची किंमत एक परीक्षा ठरवली. घराने ती सबंध शिक्षणाएवढी ठरवली. आणि त्याच घराने मुलासाठी ती दोन दिवसांच्या अबोल्याएवढी ठरवली होती. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एका मुलाला देणगी दिली आणि प्रेषितांना साक्षीदार व्हायला सांगितले. सगळ्या मुलांना असेच दिलेस का, हा प्रश्न आला. उत्तर नाही असे होते, म्हणून प्रेषितांनी साक्ष द्यायला नकार दिला. देणगीत मुलांमध्ये भेद चालत नसेल, तर शिक्षेत तो कसा चालेल, याचा विचार त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावा. आमचे तर स्पष्ट मत आहे की अशा वेळी मुलीचे शिक्षण थांबते ते कॉपीमुळे नव्हे. ते थांबवायचे आधीच मनात असते, कॉपीने निमित्त मिळते. कोणाला हे झोंबले तर झोंबू द्या.

चूक सिद्ध झाली म्हणजे माणूस संपला, असे आपल्या उलेमांच्या इतिहासातही दिसत नाही. कैरोतले इमाम जलालुद्दीन सुयूती (रह.) आपल्याला ठाऊक आहेत ते कुरआनच्या तफसीरमुळे. १४४५ ते १५०५ हा त्यांचा काळ. दुसऱ्याच्या लेखनाची चोरी या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे. तिच्या नावातच ग्रंथकार आणि चोर यांच्यातला फरक सांगण्याची भाषा आहे. त्यांच्याच काळातले दुसरे मोठे आलिम इमाम कस्तल्लानी (रह.). चरित्रकार सांगतात की कस्तल्लानी आपल्या पुस्तकांतून मजकूर घेतात आणि नाव घेत नाहीत, अशी सुयूतींची तक्रार होती. प्रकरण त्या वेळचे ज्येष्ठ आलिम शेख जकरिया अन्सारी यांच्यापुढे गेले. सुयूतींनी एकच गोष्ट मागितली. ते म्हणाले की कस्तल्लानींनी अमुक ठिकाणी इमाम बैहकींचा दाखला दिला आहे, तर बैहकींच्या कोणत्या ग्रंथात तो वाचला ते त्यांनी सांगावे. ते सांगता आले नाही. दाखला सुयूतींच्या पुस्तकातून आला होता, बैहकींच्या नव्हे. मग बैहकींच्या नावाआधी, मला हे सुयूतींकडून कळले, एवढे लिहायला हवे होते.

आज विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुलाला मार्गदर्शक पहिल्या वर्षी हेच समजावतात, की मूळ ग्रंथ स्वतः पाहिला नसेल तर ज्याच्याकडून कळले त्याचे नाव द्या. पाचशे वर्षांपूर्वी कैरोत यावरून फिर्याद झाली होती.

गोष्टीचा शेवट चरित्रकार असा सांगतात. कस्तल्लानी समेटासाठी शहरातून चालत सुयूतींच्या घरी गेले, अनवाणी आणि उघड्या डोक्याने. दार ठोठावले. आतून कोण म्हणून विचारणा झाली. त्यांनी नाव सांगितले आणि तुमचे मन माझ्याविषयी साफ व्हावे म्हणून आलो आहे असे म्हणाले. माझे मन साफ झाले आहे, असे उत्तर आतून आले. दार मात्र उघडले नाही. सुयूतींनी दार उघडायला हवे होते की नको, यावर आमच्या बैठकीत दोन मते पडली, ती तशीच राहू देत. कस्तल्लानींची बुखारी शरीफवरची टीका मात्र लोक आजही वाचतात, हे त्या भगिनींच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकावे असे आम्हाला वाटते.

हे एकट्या सुयूतींचे खूळ नव्हते. हदीसची सगळी इमारत उभी आहे ती कोणी कोणाकडून ऐकले या साखळीवर, म्हणजे सनदीवर. एका हदीसची खात्री करायला हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी उंट विकत घेतला आणि महिनाभराचा प्रवास करून शाम गाठले, असे इमाम बुखारींनी नोंदवले आहे. साखळीतली मधली कडी लपवणाऱ्यासाठी मुहद्दिसांकडे तदलीस हा शब्द होता. दुसऱ्याची रिवायत आपल्या नावावर खपवणाऱ्याला ते सरळ हदीसचोर म्हणत, आणि तसा शेरा पडलेल्याचे पुढे कोणी ऐकून घेत नसे. आता हाच समाज व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाचेही वाक्य कोणाच्याही नावावर दिवसाला दहा वेळा पुढे पाठवतो. आमच्याकडे पाककृती येतात त्यांतही निम्म्या इंटरनेटवरच्या, फक्त खाली नाव बदललेले. चवीत फरक पडत नाही म्हणून आम्ही हसून सोडून देतो, पण छापत नाही.

पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वेगळे नियम केले. वाङ्मयचौर्य किती प्रमाणात आहे, त्यावर शिक्षा ठरते. दहा टक्क्यांपर्यंत साम्य किरकोळ मानले जाते, त्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचे. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. साठच्या वर गेले तर त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द. नाव देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांची नावे, ठरलेली सूत्रे हे मोजताना वगळायचे असते. चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य माहितीचे वाक्यही वगळतात. पदवी मिळून गेल्यावर चोरी सिद्ध झाली तर ती पदवीही स्थगित होऊ शकते. प्रबंध आता शोधगंगा या संकेतस्थळावर सगळ्या देशाला वाचायला खुले असतात, म्हणजे दहा वर्षांनीही कोणी दोन प्रबंध शेजारी ठेवून पाहू शकतो. शिक्षकही सुटत नाहीत. प्रमाण जास्त असेल तर त्यांची वेतनवाढ थांबते आणि काही वर्षे नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत.

टक्क्यांचा हा हिशेब यंत्राचा आहे, आणि यंत्र शब्द मोजते. उर्दूतला एखादा जुना लेख मराठीत उतरवून प्रबंधात घातला तर यंत्राला तो नवाच दिसेल. आपल्यातली उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणारी मुले हा मार्ग सापडल्यावर खूश होतात. यंत्राने पकडले नाही म्हणून ती चोरी नव्हती, असे मात्र होत नाही.

पदवीच्या वर्गातले प्रोजेक्ट, असाइनमेंट आणि उत्तरपत्रिका या २०१८ च्या नियमांच्या बाहेर आहेत. त्यांचे काय करायचे ते विद्यापीठ आणि कॉलेज ठरवते, आणि खरी ढिलाई इथेच आहे. पर्यावरणाचा प्रोजेक्ट घ्या. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो स्पायरल करून तयार मिळतो, फक्त पहिले पान बदलायचे. नदीच्या प्रदूषणावर प्रोजेक्ट लिहिणारा मुलगा नदीवर गेलेला नसतो. शास्त्र शाखेत मागच्या वर्षीच्या मुलीचे जर्नल उतरवून काढायचे, त्यातली वाचने सुद्धा तीच. प्रयोगात काटा कुठे थांबला हे न पाहता आकडा लिहायचा. शिक्षकांना हे माहीत असते, मुलांना शिक्षकांना माहीत असल्याचे माहीत असते, आणि सही होते.

याचे बी आपण घरातच पेरतो, तेही प्रेमाने. चौथीतल्या मुलाचा किल्ला अब्बा बनवतात, सातवीतल्या मुलीचा तक्ता भाईजान काढतो, निबंध खाला सांगते आणि मूल लिहून घेते. शाळेत बक्षीस मिळते, त्याचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर जातो. मग बारावीच्या परीक्षेत केंद्राच्या भिंतीपलीकडे चिठ्ठी घेऊन उभा असलेला चुलतभाऊ आपल्याला गुन्हेगार वाटत नाही, मदत करणारा वाटतो. मुलाने वाकडा किल्ला बनवला तर वाकडाच शाळेत जाऊ द्यावा. त्याचा आहे, हे त्याचे मोल.

कॉपीमागचे एक कारण आम्हाला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते, ते भाषेचे आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेले मूल कॉलेजात इंग्रजी पुस्तकासमोर बसते. विषय समजतो, पण आपल्या शब्दांत इंग्रजी वाक्य जुळत नाही. मग पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे येते, कारण दुसरे सुचतच नाही. अशा मुलाला चोर म्हणून भागत नाही. कला आणि वाणिज्य शाखेत आपल्या राज्यात अनेक विद्यापीठांत मराठीत उत्तरे लिहिता येतात. इंग्रजीची प्रतिष्ठा म्हणून घरचे ती वाट बंद करतात. इंग्रजी जरूर शिकावी, पण शिकत असताना परीक्षा ज्या भाषेत स्वतःचे काही लिहिता येते त्या भाषेत द्यावी. प्रोजेक्टसाठी एक साधी रीत आहे. पुस्तक वाचायचे, मिटायचे, अम्मीला किंवा दादीला तो भाग तोंडी सांगायचा आणि मगच लिहायला बसायचे. दादीला समजले तर मुलाला समजले आहे. लिहून झाले की पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव, पान क्रमांकासह.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि झेरॉक्सचे दुकान खिशात आले. प्रश्न टाकला की निबंध तयार. तो वाचायला गुळगुळीत असतो, आणि त्यातले संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात. ग्रंथाचे नाव खरे वाटते, लेखक खरा वाटतो, पुस्तक मात्र कोणी लिहिलेलेच नसते. सनद जुळवून देणारे रावी पूर्वीही होते, मुहद्दिसांनी त्यांना शोधून काढले. आपल्या मुलांनी निदान एवढे करावे की यंत्राने दिलेले पुस्तक ग्रंथालयात सापडल्याशिवाय त्याचे नाव लिहू नये. शिक्षकांनी यंत्र वापरायला परवानगी दिली असेल तर कुठे वापरले ते सांगावे. दिली नसेल तर वापरू नये.

इथे एक उलटा धोकाही आहे आणि तो प्रामाणिक मुलांना आहे. लिखाण माणसाचे की यंत्राचे हे ओळखणारी यंत्रे निघाली आहेत आणि ती चुकतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच आपले असे ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात यंत्रे तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी यंत्राचे म्हणून बाजूला काढले. साधे शब्द, साधी वाक्ये, हेच कारण. आपली मुले नेमके असेच इंग्रजी लिहितात.

म्हणून कच्चे लिखाण फाडू नये. पहिला मसुदा, खाडाखोड केलेली पाने, ग्रंथालयाच्या पावत्या, सर्वेक्षणाला गेल्याचे फोटो, मोबाईलवर लिहिले असेल तर फाइलच्या जुन्या प्रती, हे सगळे निकाल लागेपर्यंत एका पिशवीत ठेवावे. कोणी संशय घेतला तर समितीपुढे ही पिशवी ठेवायची आणि विचाराल त्या पानावर तोंडी बोलायला तयार आहे, असे सांगायचे. ज्याने स्वतः लिहिले आहे त्याला हे जमते.

एम.ए. किंवा पीएच.डी. करणाऱ्या मुलांच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. २०१८ च्या त्याच नियमांत संस्थांनी दर सत्रात विद्यार्थ्यांसाठी जागृतीचा कार्यक्रम घ्यायचा आहे, आणि पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा पेपर आयोगाने सक्तीचा केला आहे. आपल्या मुलाच्या विभागात असा कार्यक्रम शेवटचा कधी झाला, हे विभागप्रमुखांना विचारावे. पदवीच्या मुलांसाठीही तो ठेवा, अशी मागणी पालक सभेत करता येते. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकांनी एखाद्या रविवारी परीक्षा विभागातल्या निवृत्त अधिकाऱ्याला बोलावून शिक्षेचा तक्ता मुलांना आणि मुलींना वाचून दाखवायला सांगावा. पालकांनाही तिथेच बसवावे, म्हणजे एका चिठ्ठीची शिक्षा किती हे पुढच्या वेळी घरात कोणाला मनाने ठरवावे लागणार नाही.